थांबा म्हटल्यावर

खालापूर हे नाव महाराष्ट्रातल्या बहुतेकांना टोलनाक्यामुळे माहीत आहे. पूर्वी पुण्या-मुंबईच्या गाड्या इथे निदान थांबायच्या. काच खाली व्हायची, नोट पुढे यायची, सुट्ट्या पैशांवरून दोन शब्द व्हायचे, काच वर जायची. फास्टॅग आल्यापासून तेवढाही संबंध उरला नाही. दांडी आपली आपण उठते आणि माणूस काचेआडच राहतो. तहसील कचेरी असलेलं हे तालुक्याचं गाव, पण जगाच्या दृष्टीने ते हॉर्न वाजवायचं ठिकाण. या पळापळीच्या कडेला, खालापूर आणि खोपोलीच्या मध्ये, एका कारखान्यातल्या थंडगार खोलीत मी बसते. चालू असलेल्या गोष्टी अजून चालू आहेत की नाहीत, हे बघत राहणं हे माझं काम.

समोरच्या पडद्यावर हिरवे ठिपके असतात. एकेक ठिपका म्हणजे कुठला तरी स्विच, राउटर, कॅमेरा किंवा गेटवरचं हजेरीचं यंत्र. नेटवर्क मॅनेजमेंट सिस्टिम नावाचा कार्यक्रम दर 5 मिनिटांनी प्रत्येकाला विचारतो, ‘आहेस का?’ समोरून ‘आहे’ आलं की ठिपका हिरवा राहतो. उत्तर आलं नाही की लाल होतो आणि माझा फोन वाजतो. इतकं साधं काम, पण त्यासाठी आत डझनभर छोटे कार्यक्रम एकाच वेळी राबत असतात. आम्ही त्यांना प्रोसेस म्हणतो. एक विचारत फिरतो, एक उत्तरं लिहून ठेवतो, एक नकाशा रंगवतो, एक तक्रारी ऐकतो, आणि एक नुसता बाकीच्यांवर लक्ष ठेवतो. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीसारखंच म्हणावं, तर फरक एवढाच की हे सगळे खरोखर काम करतात.

हे सगळं सुरू करणं अगदी सोपं. एक शब्द टाइप करायचा आणि चहा प्यायला जायचं. नव्या सर्व्हरपुढे नारळ फोडताना मी साहेबांना पाहिलंय, त्याला हळद-कुंकू लागलेलंही पाहिलंय. तोच सर्व्हर बंद करायच्या वेळी मात्र खोलीत कोणी नसतं. बंद करायचा मुहूर्त कोणी काढत नाही. तो बहुधा शनिवारी रात्री उशिरा येतो, आणि खोलीत मी आणि नवा लागलेला पोरगा, एवढेच असतो.

पोरगा चौक गावचा. हुशार आहे. दिवसा मला ‘मॅडम’ म्हणतो, पण काही अडलं की त्याची ‘ताई’ निघते, त्यामुळे हाक ऐकूनच मला प्रसंगाचं गांभीर्य कळतं. अशाच एका शनिवारी सिस्टिम बंद करायची होती. त्याने ‘स्टॉप’ दिलं, वाट पाहिली, पुन्हा दिलं, पुन्हा वाट पाहिली. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, “ताई, नऊ मारू का?”

नऊ मारणं हा आमच्या धंद्यातला हातघाईचा शब्द आहे. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात चालू प्रोसेसला थांबवण्यासाठी ‘किल’ ही आज्ञा असते. तिच्यासोबत आकडा द्यायचा. काहीच दिला नाही तर 15 धरला जातो, आणि तो म्हणजे निव्वळ विनंती. प्रोसेसला निरोप पोचतो की आता आवर. मग ती हातातली फाइल पुरती लिहिते, डेटाबेसची धरलेली कुलपं सोडते, आपल्या नावाची नोंद पुसते आणि जाते. तिने ठरवलं तर हा निरोप ती कानाआडही करू शकते. 9 या आकड्याचं तसं नाही. हा निरोप प्रोसेसपर्यंत जातच नाही. तो थेट कर्नलला, म्हणजे यंत्राच्या मूळ कारभाऱ्याला, जातो आणि तो तिला होती त्या जागेवरून उचलून टाकतो. वाक्य अर्धं लिहिलेलं असेल तर ते अर्धंच राहतं.

खोपोलीच्या बाजारात रात्री दुकानदार शटर अर्धं खाली ओढतो, तेव्हा आत असलेलं गिऱ्हाईक निवांत पैसे देतं आणि बाहेरचा नवा माणूस आपला आपण परत फिरतो. 15 चा आकडा म्हणजे ते अर्धं शटर. 9 म्हणजे आत गिऱ्हाईक असताना शटर खाडकन जमिनीला लावून कुलूप घालणं. दुकान बंद झालं, यात वाद नाही. पण सकाळी उघडल्यावर काय दिसेल, त्याची हमी नाही.

आणि सकाळी जे दिसतं ते मोठं गमतीचं असतं. चालू प्रोसेस आपला क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवते, म्हणजे दुसरी तशीच प्रोसेस चुकून सुरू होऊ नये. नऊ मारून गेलेल्या प्रोसेसला ती फाइल पुसायला सवड मिळालेली नसते. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही ‘स्टार्ट’ देता आणि सिस्टिम ठणकावून सांगते की मी तर आधीपासूनच चालू आहे. फाइलीत लिहिलंय ना! कागदावर जिवंत असलेल्याला मेलेलं ठरवायला वेगळा खटाटोप करावा लागतो, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला नव्याने सांगायला नको.

म्हणून मी त्याला म्हटलं, “थांब. त्याला आवरू दे.”

“किती वेळ?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर एके काळी लिहून ठेवलेलं असायचं. 1990च्या दशकात मोठ्या कंपन्यांमध्ये एचपी ओपनव्ह्यू नावाची सिस्टिम फार वापरात होती. तिच्यात सगळ्या प्रोसेसवर देखरेख करणारी एक मुकादम प्रोसेस असे, ओव्हीएसपीएमडी. सुरू करायला ‘ओव्हीस्टार्ट’, थांबवायला ‘ओव्हीस्टॉप’. प्रत्येक प्रोसेसची या मुकादमाकडे एक नोंद असायची. नाव काय, कोणावर अवलंबून, कशी सुरू करायची हे त्यात असेच. शिवाय थांब म्हटल्यावर तिला किती सेकंद द्यायचे, हेही त्याच ओळीत लिहिलेलं असे. कोणाला 15, कोणाला त्याहून जास्त. तेवढ्यात आवरलं नाही तर मग नऊ. जन्माच्या दाखल्यावरच शेवटची मुदत घालून देणारी ही पद्धत मला कमालीची प्रामाणिक वाटते.

त्याहून थोर होती वर्गवारी. ओपनव्ह्यूने प्रोसेसचे तीन प्रकार केले होते आणि त्यांची नावं विनोद म्हणून दिलेली नव्हती. पहिला प्रकार सुस्वभावी. या प्रोसेस मुकादमाशी बोलतात, त्याने ‘निघ’ म्हटलं की ‘निघते’ असं उत्तर देतात आणि खरंच निघतात. दुसरा प्रकार सुस्वभावी नसलेल्यांचा. यांना मुकादमाची भाषा येत नाही. त्यांच्याशी संभाषण होत नाही, आकडाच दाखवावा लागतो, पण आकडा कळतो. तिसरा प्रकार डीमन. मुकादम यांना सुरू करतो, आणि सुरू होताक्षणी ते त्याच्या हातातून सुटून पार्श्वभूमीत निघून जातात. त्यानंतर मुकादमाला ते थांबवता येत नाहीत. सुरू करता येतात, थांबवता येत नाहीत, असं त्या नियमातच स्वच्छ मान्य केलेलं होतं.

ही वर्गवारी वाचल्यापासून सभागृहातल्या कुठल्याही सत्कार समारंभात मी शेवटच्या रांगेत बसून वक्ते निवडत असते. चिठ्ठी आली की वाचून, हसून, दोन वाक्यांत संपवणारे सुस्वभावी असतात. चिठ्ठी खिशात घालणारे पण माईक बंद केल्यावर बसणारे दुसरे. आणि माईक बंद झाल्यावर ‘माझा आवाज शेवटपर्यंत पोचतोय ना?’ असं विचारून पुढे सुरू करणारे ते तिसरे. त्यांना व्यासपीठावर बोलावणारा निवेदक केविलवाणा होऊन बाजूला उभा असतो, कारण सुरुवात त्याच्याच हातून झालेली असते.

थांबवायच्या क्रमाचंही एक शास्त्र होतं. जी प्रोसेस दुसरीवर अवलंबून आहे ती आधी थांबवायची, आणि जिच्या आधारावर सगळे उभे आहेत ती शेवटी. सुरू करताना याच्या बरोब्बर उलट. नकाशा रंगवणारा आधी घरी जाणार, माहिती साठवणारा नंतर. हा क्रम चुकला की वरचे बिचारे ज्याला विचारायचं तोच गेलेला बघून लॉग फाइलीत आक्रोश करत बसतात.

या धंद्यात आणखी दोन अवस्था आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एक झॉम्बी. ही प्रोसेस संपलेली असते, तिचं सगळं आटोपलेलं असतं, पण तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसने ‘बरं, कळलं’ म्हणून दखल घेतलेली नसते. त्यामुळे यादीत नाव तेवढं लटकत राहतं. तिला नऊ मारून उपयोग नाही, मेलेल्याला काय मारणार. दुसरी अवस्था त्याहून चिवट. प्रोसेस एखाद्या डिस्ककडे किंवा लांबच्या यंत्राकडे काहीतरी मागते आणि उत्तर येईपर्यंत असा श्वास रोखून बसते की तोवर तिला कुठलाच निरोप ऐकू जात नाही. नऊसुद्धा नाही. कर्नल तिला हात लावत नाही, कारण तिचं काम वर अडकलंय. ही अवस्था पहिल्यांदा समजावून सांगितली तेव्हा पोरगा लगेच म्हणाला, “म्हणजे आमच्या सातबाऱ्याच्या फेरफारासारखं.” मी त्याला पुढच्या धड्यावर नेलं.

तर, थांबवायचं कसं, याबद्दल मला वाटतं की आमच्या या तालुक्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्यांना चढणाऱ्यांचं कौतुक फार नसतं. वरून येणारं कसं थांबेल, याचीच त्यांना काळजी.

इथून फार लांब नाही ते चावणी गाव, अंबा नदीच्या काठी. तिथल्या उंबरखिंडीत 1661च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज थांबवली. पुण्यात मुक्काम ठोकलेल्या शाहिस्तेखानाने त्याला कोकणात पाठवलं होतं, सोबत मोगलांची स्त्री सरदार रायबागन होती. घाट उतरून फौज या अरुंद, झाडीच्या खिंडीत शिरली. पुढची वाट अडवली गेली, मागचीही. वारा नाही, पाणी नाही, आणि कडेच्या रानातून बाण आणि गोळ्या. परमानंदाच्या शिवभारतात हे सगळं आलेलं आहे. इथवरची गोष्ट शाळेतही सांगतात. माझं लक्ष जातं ते पुढच्या भागाकडे. महाराजांना ती फौज तिथेच संपवता आली असती. तसं झालं नाही. रायबागनने खानाला शहाणपणाची गोष्ट सांगितली, खानाने वकील पाठवून अभय मागितलं, आणि सामानसुमान, द्रव्य मागे ठेवून त्याला जिवानिशी परत जाऊ दिलं. धरलेलं सगळं सोडायचं, आणि मग निघायचं. नऊचा आकडा रानात दबा धरून तयारच होता, आणि तो दिसत होता म्हणूनच 15 चा मान राखला गेला असणार. पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “खान दुसऱ्या प्रकारातला, रायबागन पहिल्या.” मला हे सुचलं नव्हतं.

रेल्वेवाल्यांनी तर घाटात अविश्वासाचीच पद्धत बसवली. कर्जतला येणाऱ्या-जाणाऱ्यांना ठाऊक असतं की पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला इथे मागून बँकर इंजिनं लागतात आणि तेवढ्या वेळात बटाटेवडा खाऊन होतो. चढाची ही सोय सगळ्यांना दिसते. उतारावरची फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. बोरघाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने भिंतच. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले तर ती खाली कर्जतपर्यंत कोणाचं ऐकणार नाही. म्हणून वाटेत कॅच सायडिंग आहेत, डोंगराच्या अंगावर वर चढत जाणारे आंधळे रूळ. एरवी काटे त्या आंधळ्या रुळाच्याच बाजूला लावलेले असतात. गाडीने अलीकडे थांबून दाखवायचं, की मला थांबता येतं. मगच काटे फिरतात आणि पुढची वाट मोकळी होते. ज्याला थांबता येत नाही, त्याला पुढे सोडायचंच नाही. आमच्याकडे नवा प्रोग्राम बसवताना तो चालतो का हे दहा वेळा तपासतात. तो थांबतो का, हे एकदाही कोणी विचारत नाही.

पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते खोपोलीचं पॉवरहाउस. टाटांनी 1915 साली ते सुरू केलं, मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. वर लोणावळ्याच्या बाजूला तलाव, आणि तिथून सुमारे अर्धा किलोमीटर खाली पाणी पाइपातून कोसळत येतं. शेवटी तोटीतून त्याची धार सुटते आणि चाकाच्या वाट्यांवर आदळून चाक फिरवते. समजा मुंबईकडची मागणी एका क्षणात गेली. चाकावरचं ओझं गेलं, तर ते भन्नाट सुटेल. मग पाणी ताबडतोब बंद करायला हवं की नाही? ते करता येत नाही. अर्धा किलोमीटर उंचीचा धावता पाण्याचा खांब एकदम अडवला तर त्याचा धक्का मागे पाइपात जातो आणि पाइप फुटू शकतो. म्हणून अशा चाकांमध्ये दोन कामं वेगवेगळी ठेवलेली असतात. धारेच्या तोंडाशी एक पत्रा झटकन आडवा येतो आणि धार चाकावरून बाजूला वळवतो. पाणी वाहतच असतं, फक्त चाकाला लागत नाही. आणि तोटीतली सुई सावकाश, आपल्या चालीने, पुढे सरकून धार बारीक बारीक करत बंद करते. परिणाम ताबडतोब थांबवायचा, आणि जोर मात्र हळूहळू उतरवायचा. हे शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडाला कळत होतं.

आम्हीही आता तेच करतो आणि त्याला मोठं नवं नाव देतो. सर्व्हर बंद करायचा असला की आधी त्याच्याकडे येणारी नवी मागणी दुसरीकडे वळवतात, जुनी कामं संपू देतात, मग स्टॉप. या विषयावर बंगळुरूहून आलेल्या एका प्रशिक्षकांचं अख्ख्या दिवसाचं व्याख्यान मी ऐकलंय. खिडकीतून पाइपलाइनचा डोंगर दिसत होता. ते सद्गृहस्थ, जाता जाता सांगायला हरकत नाही, पहिल्या प्रकारातले नव्हते.

एकच आज्ञा एका ठिकाणी विनंती आणि दुसऱ्या ठिकाणी प्रलय असू शकते, हेही नव्या पोरांना सांगावं लागतं. लिनक्सवर ‘किलऑल’ लिहून पुढे नाव दिलं की त्या नावाच्या प्रोसेस थांबतात. जुन्या सोलॅरिस यंत्रांवर तीच आज्ञा नावाप्रमाणे वागते आणि सगळ्यांनाच घेऊन जाते, कारण ती यंत्र बंद करण्यासाठीच बनवलेली होती.

थांबवण्याची यंत्रणाच थांबवायला चुकली, तर काय होतं, ते जगाने 4 ऑक्टोबर 2021च्या रात्री पाहिलं. आपल्याकडे नऊ वाजून गेले होते. फेसबुकच्या देखभालीच्या कामात एक आज्ञा दिली गेली, त्यांच्या जगभरच्या मुख्य जाळ्यात किती क्षमता आहे हे तपासायला. तिने ते अख्खं जाळंच बंद पाडलं. असल्या आज्ञा आधी तपासून रोखणारा एक प्रोग्राम त्यांच्याकडे होता, पण त्यातच दोष असल्यामुळे त्याने ही रोखली नाही. मग त्यांच्या नाव-पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांनी पाहिलं की आपलाच आपल्या डेटा सेंटरशी संबंध उरलेला नाही, तेव्हा आपण धड नाही असं समजून त्यांनी जगाला आपली वाट सांगणंही बंद केलं. त्यांचं वागणं अगदी सुस्वभावी होतं, हे इथे मान्य केलं पाहिजे. लांबून दुरुस्ती करायची वाट त्याच जाळ्यातून जात होती. माणसं इमारतींपर्यंत पोचली, तर आत शिरायला कडेकोट सुरक्षेमुळे आणखी वेळ. जवळजवळ सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद. त्या रात्री आमच्या कारखान्याचे सगळे ठिपके हिरवे होते, तरी माझा फोन अखंड वाजत होता. नातेवाइकांना मी इंटरनेट चालवते असं वाटतं.

त्या बातमीनंतर मी पोराला आमच्या राउटरवरची एक जुनी युक्ती शिकवली. आमचं एक गोदाम घाटमाथ्यावर आहे. तिथल्या राउटरमध्ये इथून बदल करताना काही बिनसलं आणि संबंधच तुटला, तर कोणाला तरी रात्री घाट चढावा लागतो. म्हणून बदलाला हात घालण्याआधी सिस्को राउटरला ‘रीलोड इन 10’ अशी आज्ञा द्यायची. याचा अर्थ, दहा मिनिटांत मी काही बोलले नाही तर तू बंद होऊन पुन्हा सुरू हो, आणि जतन केलेलं जुनंच खरं मान. नवा बदल जतन करायचा नाही, आधी बघायचं. सगळं ठीक झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ म्हणायचं. नाही झालं आणि आपण बाहेर फेकले गेलो, तर चहा प्यायचा.

त्या शनिवारी सिस्टिम शेवटी आपली आपण थांबली, आणि काम आटोपल्यावर पुन्हा सुरूही झाली. पोराने मग राउटरचं काम काढलं, दहाचा गजर लावला, बदल केला, सगळं तपासलं. खूष होऊन खुर्चीत रेलला आणि मला कर्जतचा वडा आणि खोपोलीचा वडा यांतला फरक सांगू लागला. तो विषय मोठा आहे. चटणीपर्यंत येईतो घाटावरचा ठिपका लाल झाला.

“ताई,” तो म्हणाला, “कॅन्सल राहिलं.”